खूण आणि चाचणी : स्तनाच्या कर्करोगाच्या लवकर निदानाचा इतिहास, पेशीपासून मिथिलीकरणापर्यंत

१. प्रस्तावना

स्तनातली गाठ हाताला लागते, त्याच्या बरेच आधी पेशींमध्ये बदल सुरू झालेले असतात. डीएनएचे मिथिलीकरण हा त्यांपैकी एक बदल. ‘रक्ताच्या तपासणीतून कर्करोग आधीच कळणार’ अशा मथळ्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी हाच बदल असतो. मग साहजिक प्रश्न पडतो. कर्करोगात मिथिलीकरण बिघडते हे १९८३ पासून माहीत आहे, तर चाळीस वर्षांनंतरही जवळच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी का होत नाही?

या टिपणात आपण या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून शोधणार आहोत. उत्तराचा गाभा आधीच सांगून ठेवतो. रोगाची खूण सापडणे ही एक गोष्ट आणि त्या खुणेची चाचणी ठरणे ही दुसरी. पहिली गोष्ट प्रयोगशाळेत, रुग्णांच्या नमुन्यांवर होते. दुसरीसाठी हजारो निरोगी माणसे, अनेक वर्षांचा पाठपुरावा आणि शेवटी मृत्यूंची मोजणी लागते. या दोहोंतले अंतर कसे कापले जाते, याची जगातली दोन महत्त्वाची उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत.

विषय केवळ अभ्यासापुरता नाही. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे साधारण एक मृत्यू. या प्रमाणामागचे एक मोठे कारण म्हणजे उशिरा होणारे निदान. त्यामुळे ‘लवकर’ या शब्दाला आपल्याकडे फार किंमत आहे आणि म्हणूनच तो तपासून घेणे गरजेचे आहे.

२. नोएडातील संस्था : आधी पेशी, मग रेणू

दिल्लीला लागून असलेल्या नोएडात, सेक्टर ३९ मध्ये, राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध आणि संशोधन संस्था आहे. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची संस्था. तिची सुरुवात १९७९ साली दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात पेशीविज्ञान संशोधन केंद्र म्हणून झाली. १९८९ मध्ये तिला पेशीविज्ञान आणि प्रतिबंधक कर्करोगशास्त्र संस्थेचे रूप मिळाले. पुढे ती नोएडात आली आणि तिला आजचे नाव मिळाले. संस्थेच्या उभारणीत पेशीविज्ञानतज्ज्ञ डॉ. उषा लुथ्रा यांचा मोठा वाटा होता.

नावांचा हा क्रम नीट पाहा. आधी ‘पेशीविज्ञान’, मग ‘पेशीविज्ञान आणि प्रतिबंध’, आता ‘प्रतिबंध आणि संशोधन’. लवकर निदानाच्या कल्पनेचा प्रवासच या नावांत दिसतो.

पेशी पाहून कर्करोग ओळखण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाते. गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. हाच ‘पॅप स्मिअर’. १९४० च्या दशकात ही पद्धत मान्यता पावली आणि कॅनडा व उत्तर युरोपातल्या काही देशांत ती नेटाने राबवल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले. पापानिकोलाऊ यांनी स्तनाकडेही लक्ष वळवले होते. स्तनाग्रातून येणाऱ्या स्रावातील पेशींवरचे त्यांचे काम १९५८ साली प्रसिद्ध झाले. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

पेशींच्या या परंपरेतूनच नोएडाची संस्था रेणूंकडे वळली. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि त्याला कारणीभूत असणारा एचपीव्ही विषाणू हा तिच्या कामाचा मुख्य विषय राहिला. स्तनाच्या कर्करोगाकडेही तिने पाहिले. २००४ साली संस्थेतील संशोधकांनी दिल्लीतील सहकाऱ्यांसह भारतीय रुग्णांच्या बीआरसीए१, बीआरसीए२ आणि पी५३ या जनुकांमधील आनुवंशिक बदलांची माहिती प्रसिद्ध केली. जनुकाच्या अक्षरांतला बदल ही तेव्हा शोधली जाणारी खूण होती. मिथिलीकरण ही त्याहून वेगळ्या जातीची खूण आहे.

३. मुंबईतला पाया : खानोलकर आणि रणदिवे

मिथिलीकरणाकडे जाण्याआधी थोडे मागे, मुंबईत जाऊ. स्तनाच्या कर्करोगाला अनेक कारणे असतात, ही समज आपल्याकडे तिथे रुजली.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. कोणत्या समाजात कोणता कर्करोग जास्त दिसतो याची त्यांनी नोंद घेतली. त्यात पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे पुढे आले. एकाच शहरात राहणाऱ्या लोकांमध्ये फरक दिसतो, तेव्हा आनुवंशिकता, लग्नाचे वय, अपत्यांची संख्या, आहार, राहणी असे अनेक प्रश्न उभे राहतात. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले.

त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉ. कमल रणदिवे यांनी पीएच.डी. केली. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांनी वनस्पतींच्या पेशीशास्त्रापासून सुरुवात केली आणि नंतर त्या कर्करोगाकडे वळल्या. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. शरीराबाहेर सतत वाढत राहणाऱ्या ‘हेला’ या मानवी पेशी गाय यांच्याच प्रयोगशाळेतल्या. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती भारतातली या प्रकारची पहिली मानली जाते. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू यांचे परस्परसंबंध तपासले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

रणदिवे यांच्या कामातून एक विचार स्पष्ट झाला. आनुवंशिकता सारखी असली तरी संप्रेरकांमुळे आणि परिस्थितीमुळे रोगाचे प्रमाण बदलते. मग परिस्थितीचा ठसा पेशीत नेमका कुठे उमटतो? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मिथिलीकरणात आहे.

४. मिथिलीकरण म्हणजे काय?

डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लिपी आहे असे आपण शाळेत शिकतो. त्यांतले एक अक्षर सायटोसिन. त्यावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटा गट, म्हणजे मिथिल गट, चिकटू शकतो. यालाच मिथिलीकरण म्हणतात. अक्षर तेच राहते, पण अक्षरावर अनुस्वार दिल्यासारखा त्याचा परिणाम बदलतो. माणसात असे सायटोसिन बहुतेक वेळा ग्वानिन या अक्षराच्या लगेच आधी आलेले असते.

अनेक जनुकांच्या सुरुवातीला, म्हणजे जिथे जनुक ‘चालू’ करण्याची यंत्रणा बसते त्या भागात, सायटोसिन-ग्वानिनच्या अशा जोड्यांची दाटी असते. निरोगी पेशीत हा भाग सहसा मिथिल गटांपासून मोकळा असतो. तिथे मिथिल गट दाटले की जनुक गप्प होते. ते जनुक पेशीच्या बेबंद वाढीला लगाम घालणारे असेल, तर लगाम सुटतो. जनुकाच्या अक्षरांत एकही चूक नसते, तरीही ते काम करत नाही. घरातले पंखे-दिवे ठीक असूनही मीटरजवळचा खटका कोणी खाली केलेला असावा, तसा हा प्रकार.

१९४८ साली रोलिन हॉचकिस यांना वासराच्या ग्रंथीतील डीएनएमध्ये मिथिल गट असलेले सायटोसिन आढळले. त्याचे काम काय असावे, हे नंतर बराच काळ कोडे होते. १९७५ साली दोन स्वतंत्र लेखांत, एक हॉलिडे व प्यू यांचा आणि दुसरा रिग्ज यांचा, असे सुचवले गेले की मिथिलीकरणामुळे जनुके चालू-बंद राहतात आणि पेशी दुभंगताना ही स्थिती नव्या पेशींकडेही जाते. पेशीची ही एक प्रकारची स्मृतीच आहे.

५. कर्करोगाशी नाते : १९८३ ते १९९७

१९८३ साली अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी दाखवले की कर्करोगाच्या पेशींत काही जनुकांवरचे मिथिल गट निरोगी पेशींपेक्षा कमी असतात. त्यानंतर उलट बाजूही समोर आली. एकूण डीएनएवर मिथिल गट घटत असताना काही नेमक्या जागी ते दाटतात. संरक्षक जनुके गप्प होतात ती अशा दाटीमुळे.

खूण म्हणून हा बदल वापरायचा तर तो सहज मोजता यायला हवा. ही अडचण एका साध्या रसायनाने सोडवली. बायसल्फाइटची प्रक्रिया केली की मोकळ्या सायटोसिनचे रूपांतर युरॅसिल या वेगळ्या अक्षरात होते, पण मिथिल गट असलेले सायटोसिन टिकून राहते. म्हणजे न दिसणारा फरक अक्षरांच्या फरकात उतरतो आणि वाचता येतो. मॅरिआन फ्रॉमर आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी १९९२ साली ही वाचनपद्धत मांडली. १९९६ साली जॉन्स हॉपकिन्समधील जेम्स हर्मन, स्टीफन बेलिन आणि सहकाऱ्यांनी तिला पीसीआरची जोड दिली. त्यामुळे मिथिलीकरण झालेले अगदी थोडे डीएनएही ओळखता येऊ लागले.

इथे मिथिलीकरणाची एक सोय लक्षात घ्या. जनुकाच्या अक्षरांतील चुका जनुकभर कुठेही होऊ शकतात, त्यामुळे प्रत्येक रुग्णात त्या वेगळ्या जागी शोधाव्या लागतात. मिथिलीकरण मात्र ठरावीक भागात दाटते, म्हणून अनेक रुग्णांसाठी एकच तपासणी चालू शकते. शिवाय प्रत्येक अवयवाच्या पेशींची मिथिल गटांची मांडणी वेगळी असल्याने रक्तात तरंगणारा डीएनएचा तुकडा कोणत्या अवयवातून आला, याचाही अंदाज येतो.

स्तनाच्या कर्करोगातली उदाहरणे लवकरच मिळाली. बीआरसीए१ हे जनुक १९९४ साली हाती लागले होते. १९९७ साली असे दिसले की काही रुग्णांच्या गाठींत हे जनुक अक्षरांच्या चुकीशिवाय, निव्वळ मिथिलीकरणाने गप्प झालेले असते. घराण्यात कोणाला कर्करोग नसतानाही बीआरसीए१ निकामी का होते, याचा एक उलगडा त्यातून झाला.

६. २००१ : दुग्धनलिकेतला द्रव

आता पापानिकोलाऊ यांचा धागा पुन्हा हाती घेऊ. स्तनाचा कर्करोग बहुधा दुग्धनलिकांच्या अस्तरात सुरू होतो. मग नलिकेत बारीक नळी घालून खारे पाणी सोडले आणि ते परत ओढून घेतले, तर त्यात अस्तराच्या पेशी येतील. त्या पेशींच्या डीएनएमध्ये मिथिलीकरण शोधले तर?

जॉन्स हॉपकिन्समध्ये, म्हणजे ज्या विद्यापीठात पूर्वी रणदिवे यांनी काम केले होते तिथेच, भारतीय वंशाच्या संशोधक सरस्वती सुकुमार यांच्या गटाने हे करून पाहिले. त्यांचा अहवाल २००१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. सायक्लिन डी२, आरएआर-बीटा आणि ट्विस्ट या तीन जनुकांचे मिथिलीकरण त्यांनी तपासले. कर्करोग असलेल्या २० नलिकांपैकी १७ नलिकांच्या द्रवात खूण सापडली. नलिकेबाहेर न पसरलेल्या, अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील ७ पैकी २ मध्ये सापडली. निरोगी ४५ नलिकांपैकी ५ मध्येही ती दिसली. ज्यांची मॅमोग्राफी ठीक होती पण द्रवात खूण आणि विकृत पेशी होत्या, अशा दोन स्त्रियांना पुढे कर्करोग झाल्याचे आढळले.

शेवटचे वाक्य वाचून मन हरखते, आणि बातम्यांचे मथळे अशाच वाक्यांतून तयार होतात. पण अभ्यासक म्हणून तुम्ही चारही आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत.

पहिली गोष्ट, ‘लवकर’ची. वाढलेल्या कर्करोगात २० पैकी १७, पण सुरुवातीच्या अवस्थेत ७ पैकी २. जिथे खुणेची सर्वांत जास्त गरज, तिथेच ती सर्वांत कमी सापडली. ७ हा आकडा लहान आहे, त्यावरून पक्का निष्कर्ष निघत नाही. पण अडचणीची दिशा कळते. गाठ लहान म्हणजे तिच्यातून सुटणाऱ्या पेशी आणि डीएनए थोडे, आणि म्हणून खूणही पुसट.

दुसरी गोष्ट, निरोगी स्त्रियांची. समजा, ही तपासणी आपण १०,००० स्त्रियांवर केली आणि त्यांच्यापैकी २० जणींना न कळलेला कर्करोग आहे. २० पैकी १७ सापडतील. उरलेल्या ९,९८० निरोगी स्त्रियांपैकी दर नऊ जणींमागे एक, म्हणजे सुमारे १,१०० जणींचा अहवालही ‘खूण आहे’ असाच येईल. अहवाल हातात पडलेल्या सुमारे १,१२६ स्त्रियांपैकी खरोखर आजारी १७, म्हणजे साधारण ६६ जणींमागे एक. बाकीच्यांना सोनोग्राफी, सुई घालून तपासणी, खर्च, रजा आणि अनेक रात्रींची झोपमोड. हा हिशेब केवळ समजण्यासाठी घेतला आहे. पण रोग दुर्मीळ असताना चांगली वाटणारी तपासणीही खोटे इशारे कसे वाढवते, हे त्यातून दिसते.

नलिका धुण्याची पद्धत पुढे मागे पडली. ज्या स्तनांत कर्करोग असल्याचे नक्की ठाऊक होते, त्यांच्यातूनही पुष्कळदा विकृत पेशी हाती लागल्या नाहीत. खूण खरी असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट भरवशाची नव्हती.

७. रक्तातली खूण

म्हणून संशोधकांचे लक्ष रक्ताकडे वळले. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात आणि त्यांत गाठीचे तुकडेही असतात. नोएडापासून जवळच, दिल्लीच्या एम्समध्ये यावर काम झाले. २००७ साली तिथल्या गटाने टीएमएस१, बीआरसीए१ आणि संप्रेरकांच्या ग्राहकांची दोन जनुके यांचे मिथिलीकरण भारतीय रुग्णांच्या गाठीत आणि त्याच रुग्णांच्या रक्तद्रवात तपासले. दोन्हीकडच्या निकालांत चांगला मेळ होता. पुढे याच गटाने शस्त्रक्रियेआधीच्या केमोथेरपीला गाठ कसा प्रतिसाद देते हे पाहण्यासाठीही रक्तातील मिथिलीकरण वापरून पाहिले.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा. हे रुग्ण कोण होते? ज्यांचे निदान आधीच झाले होते त्या स्त्रिया. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी असा अभ्यास योग्यच आहे. पण निरोगी दिसणाऱ्या स्त्रीमध्ये ही खूण आधी दिसेल का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी आधी रक्त साठवून ठेवावे लागते, वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते आणि मग कोणाला रोग झाला हे पाहून जुने नमुने उघडावे लागतात.

असे अभ्यासही झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील हजारो स्त्रियांचे साठवलेले रक्त तपासण्यात आले. ज्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी काहींमध्ये बीआरसीए१ चे मिथिलीकरण होते, त्यांना पुढे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या आक्रमक प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुपटीहून अधिक असल्याचे दिसले. हा बदल काही नवजात मुलींच्या नाळेतील रक्तातही सापडतो. म्हणजे ही गाठीतून सुटलेली खूण नाही, फार आधी पडलेला ठसा आहे. तो धोका सांगतो, रोग सांगत नाही. दोन्ही खुणा मिथिलीकरणाच्याच, पण त्यांचा अर्थ वेगळा. ‘मिथिलीकरणाची चाचणी’ असे शब्द कानावर पडले की पहिला प्रश्न हाच विचारावा : ही रोगाची खूण आहे की धोक्याची?

अनेक कर्करोग एकाच रक्ततपासणीत शोधण्याच्या ‘गॅलेरी’ चाचणीचाही पाया मिथिलीकरण हाच आहे. तिच्यासाठी ब्रिटनमध्ये २०२१ साली सुमारे १,४०,००० लोकांवर मोठी यादृच्छिक पाहणी सुरू झाली. चाचणीत रोग सापडतो का, एवढेच पाहून तिथे थांबलेले नाहीत. वाढलेल्या अवस्थेतील कर्करोग प्रत्यक्षात कमी होतात का, हा त्यांचा प्रश्न आहे.

८. लवकर कळले म्हणजे जीव वाचला का?

तुम्ही म्हणाल, लवकर कळले तर फायदा होणारच. इतिहास इतके सोपे उत्तर देत नाही.

समजा, एका स्त्रीचा मृत्यू वयाच्या साठाव्या वर्षी होणार आहे. गाठ ५७ व्या वर्षी सापडली तर ती निदानानंतर तीन वर्षे जगली असे आपण लिहितो. चाचणीने तोच रोग ५४ व्या वर्षी दाखवला आणि मृत्यू तरीही साठीतच झाला, तर कागदावर ती सहा वर्षे जगली. आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही, वाढला तो आजारपणाचा काळ. शिवाय काही बदल इतके मंद असतात की त्यांनी कधीच त्रास दिला नसता. ते शोधून उपचार केले तर हाती केवळ उपचारांचा त्रास येतो.

ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी रक्तातील सीए-१२५ या खुणेची पाहणी झाली. रोग सुरुवातीच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण खरोखर वाढले. पण २०२१ साली अंतिम निकाल आला तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. खूण खरी, निदान लवकरचे, तरी जीव वाचले नाहीत. म्हणून शेवटचा निकष एकच : तपासणी झालेल्या आणि न झालेल्या गटांत किती मृत्यू झाले?

९. धाराशिव आणि मुंबई : चाचणी सिद्ध कशी होते

हा निकष लावण्याचे काम महाराष्ट्रात दोनदा मोठ्या प्रमाणावर झाले.

पहिले तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेसह १९९९ मध्ये ते सुरू केले. विषय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांनुसार चार गट पडले. एका गटात एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्यात नेहमीची आरोग्य सेवा. २००९ साली निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू, तर एचपीव्ही गटात ३४. एकाच फेरीच्या पॅप स्मिअरने किंवा डोळ्यांच्या तपासणीने तेवढ्या काळात ठळक फरक पडला नाही. डीएनएची एक खूण अशा रीतीने चाचणी ठरली. ती मराठवाड्यातल्या गावांतून सिद्ध झाली आणि जगाने ती दखल घेतली.

दुसरी पाहणी मुंबईतली. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना दोन गटांत घेतले. एका गटात प्रशिक्षित महिला आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या आणि नंतर पाठपुरावा चालू राहिला. या सेविका डॉक्टर नव्हत्या, शाळेचे शिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. वीस वर्षांनंतर, २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. वाढलेल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील रोगाचे प्रमाण तपासणी गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली १५ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत अशी ठळक घट दिसली नाही.

निकाल किती जपून मांडला आहे ते पाहा. कुणाला फायदा झाला, कुणाला दिसला नाही, हे वेगवेगळे सांगितले आहे. एक साधी, हाताने होणारी तपासणी पारखायला वीस वर्षे लागली. मिथिलीकरणाच्या चाचणीलाही याच वाटेने जावे लागेल.

१०. आज आपण कुठे आहोत?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तपासणीची चौकट ठरवली. स्तनासाठी त्यात आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने करायची तपासणी आहे, दर पाच वर्षांनी एकदा. नोएडाची संस्था डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन वर्गांतून या तपासणीचे प्रशिक्षण देते. ज्या संस्थेत रेणूंवर संशोधन चालते, तीच हाताने तपासायला शिकवते, यात विसंगती नाही. रेणूंवरचे काम उद्यासाठी, हातांचे आजसाठी.

मिथिलीकरणाचे भवितव्य उज्ज्वल असू शकते. एचपीव्हीच्या बाबतीतही खूण आधी आली आणि चाचणी नंतर. पण आज एखाद्या स्त्रीला गाठ लागली, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला किंवा त्वचा ओढल्यासारखी दिसली, तर रक्ताचा कोणताही ‘निरोगी’ अहवाल तिला थांबवण्यासाठी पुरेसा नाही. तिने लगेच डॉक्टरकडे जाऊन स्तनाची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गाठीचा तुकडा तपासून घेणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. पुसट खुणेच्या भरवशावर ठळक लक्षणाकडे दुर्लक्ष झाले, तर ‘लवकर निदान’ या शब्दानेच उशीर घडवला असे होईल.

सारांश

• मिथिलीकरणाने जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, त्याचे चालू-बंद होणे बदलते. स्तनाच्या कर्करोगात संरक्षक जनुके अशी गप्प होऊ शकतात.
• १९९२ आणि १९९६ मधील बायसल्फाइटवर आधारित पद्धतींमुळे हा बदल मोजता येऊ लागला.
• गाठीतून सुटलेली खूण रोग दाखवते. जन्मापासून असलेला ठसा धोका दाखवतो.
• रोग दुर्मीळ असताना खोटे इशारे वाढतात आणि गाठ लहान असताना खूण पुसट असते.
• चाचणीचा अंतिम निकष म्हणजे मृत्यूंतील घट. धाराशिव आणि मुंबईतील पाहण्यांनी तो लावून दाखवला.

विचारासाठी प्रश्न

१. कलम ६ मधील हिशेब पुन्हा करा, पण १०,००० पैकी २०० स्त्रियांना कर्करोग आहे असे धरा. खऱ्या-खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण कसे बदलते? त्यावरून अशी तपासणी आधी कोणत्या स्त्रियांवर वापरून पाहावी असे तुम्हाला वाटते?
२. सीए-१२५ आणि एचपीव्ही या दोन्ही खुणा खऱ्या होत्या. एकीने मृत्यू घटले, दुसरीने नाही. याची कोणती कारणे असू शकतील?
३. वृत्तपत्रातील कर्करोगाच्या नव्या चाचणीची एखादी बातमी घ्या. चाचणी कोणावर झाली, निरोगी व्यक्ती किती होत्या आणि मृत्यू मोजले का, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यात शोधा.